टाळूवरचा अंबाडा

"हलू नकोस गं, आकडा टोचेल," मी म्हटलं, आणि चित्राने श्वाससुद्धा रोखून धरला.

आमच्या क्वार्टरच्या पायरीवर ती माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली होती. तिचे केस जेमतेम खांद्यापर्यंत. ते सगळे वर ओढून मी टाळूवर करकचून बांधले, त्याभोवती माझ्या लग्नातलं खोट्या केसांचं गंगावन गुंडाळलं, दहा-बारा आकडे खोचले आणि वर अबोलीचा गजरा फिरवला. अबोली घरचीच. डालड्याच्या डब्यांत लावली होती.

"आरसा दे ना मावशी."

आरसा दिला. तिने मान न हलवता नुसते डोळे फिरवून इकडून तिकडून पाहिलं. "मी बाई दिसते."

"दिसतेसच. आता एक ऐक. फुलं चुरगाळायची नाहीत. शाळेतून परत येईपर्यंत जशीच्या तशी राहिली पाहिजेत. कळलं?"

"गुरुजींना दाखवायची?"

"हो."

तेवढ्यात गांगुर्डे सिस्टर खांद्याला पिशवी आणि हातात लशीचा बर्फाचा डबा घेऊन समोरच्या क्वार्टरमधून बाहेर आल्या. चित्रा त्यांची. त्यांनी लेकीला पाहिलं आणि हसूच फुटलं त्यांना.

"अगं बाई! लग्नाला निघालीस का?"

"शाळेचा पहिला दिवस, म्हटलं हौस करावी," मी म्हटलं.

"तुम्ही आहात म्हणून बरं हो वहिनी. मला आज तीन वाड्या करायच्यात, नाहीतर मीच नेली असती. कान पुरला तर नाव घालूनच या. नाही पुरला तर... बघू मग." त्या वाकून चित्राला म्हणाल्या, "गुरुजी सांगतील तसं करायचं. मावशीला त्रास द्यायचा नाही."

आणि त्या झपाझप गेल्या. नर्सबाईंना कधी सावकाश चालताना मी पाहिलं नाही.

ही धरणावरच्या वसाहतीतली गोष्ट. धरण बांधून झालं तशी माणसं बदल्या घेऊन निघून गेली. बेचाळीस क्वार्टर होत्या, त्यांपैकी नऊंत माणसं. बाकीच्यांची दारं-खिडक्या कुणी कुणी काढून नेलेल्या. बाजाराची जीप मंगळवारी यायची. आमचे हे धरणाच्या दरवाजांवर ड्यूटीला, कधी दिवसा कधी रात्री. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. बोलायचं म्हटलं की यांच्या जिवावर यायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात संपलं. त्यानंतर काही नाही. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही, आणि त्या ओसाड वसाहतीत तिसरं कुणी बोलायला नव्हतं.

चित्रा अडीच वर्षांची असताना सिस्टर तिथे आल्या. त्यांचे यजमान नाशिकला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. सिस्टर दिवसभर वाड्यांवर. मग सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत पोर माझ्याकडे. तिला मी भरवलं, न्हाऊ घातलं, गोवर निघाला तेव्हा मांडीवर घेऊन बसले. रिकाम्या क्वार्टरांमध्ये आम्ही दोघी घर-घर खेळायचो. खरीच घरं खेळायला, सांगा! सत्तावीस नंबरमध्ये आमचं स्वयंपाकघर, अठ्ठावीसमध्ये दवाखाना. मी काहीही सांगितलं की तिचं ठरलेलं, "मावशी, खरंच का?" संध्याकाळी सहाला सिस्टर तिला घेऊन गेल्या की मी दिवा लावायचं विसरून तशीच बसून राहायची.

शाळा होती, देवरे गुरुजींची. चारी वर्ग एकाच खोलीत, पट सतरा. साडेदहा ते पाच. त्यांचा हिशेब साधा. सहा पूर्ण असतील तर नाव घालायचं. चित्राला सहा पुरायला दोन महिने कमी होते. सिस्टरांनी फार गळ घातली, तेव्हा ते म्हणाले होते, "कागदाचं मी बघतो. पण कान पुरला पाहिजे. पट कमी आहे म्हणून कच्ची पोरं बसवणारा मी नव्हे. कान पुरला की पोर शाळेला आलं, एवढं मला कळतं."

कान पुरणं म्हणजे उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायचा. ज्याचा पुरला तो शाळेत. ज्याचा नाही तो आणखी एक वर्ष घरी.

एक वर्ष माझ्या घरी.

रिकाम्या क्वार्टरांची रांग संपली की पाट लागायचा. त्यावर अरुंद पूल, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचा कठडा. पलीकडे शाळा. त्या पुलावर एकटीने पाऊल टाकायचं नाही, हे चित्राला मी शंभर वेळा बजावलेलं होतं. त्या दिवशीही तिने आपणहून माझा हात धरला. दुसरा हात डोक्याजवळ धरून चालली, वाऱ्याने फुलं पडतील म्हणून.

गुरुजी टेबलाशी बसून हजेरीपटावर रेघा मारत होते. पोरं खिडकीतून डोकावून फिदीफिदी हसली. गुरुजींनी पट्टी आपटली तशी पांगली.

"या खैरनारबाई. ही का आपली उमेदवार? ये, अशी सरळ उभी राहा. हं. उजवा हात वर. आता डोक्यावरून ने. कान धर बघू."

चित्राने हात उचलला. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी कमान करून तिने हात अलगद पलीकडे नेला. बोटं कानाच्या दोन बोटं वर लोंबत राहिली.

"आणखी खाली."

"फुलं चुरगाळतील."

गुरुजींना हसू आलं. "चुरगाळू देत. घाल हात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा पाहत होते. मग तिने ओठ दाबून जोर लावला. अंबाडा काही दबला नाही. चांगला घट्ट होता. बोटं कानाच्या वरच्या कडेजवळ येऊन थांबली. अर्धं बोट राहिलं असेल.

"थोडक्यात हुकलं," गुरुजी म्हणाले.

"काल पुरला होता." चित्राचा हात अजून वरच होता. "मावशी, काल पुरला होता ना?"

गुरुजींनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "घरी करून पाहिलं होतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "पोरांच्या खेळण्यात काहीतरी चालतं."

चित्राने हात खाली घेतला. घेतानासुद्धा फुलांना लागू न देता घेतला. ती रडेल असं मला वाटलं होतं, तेव्हा काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"पुढच्या जूनला ये हं," गुरुजी म्हणाले. "एक वर्ष म्हणजे काही फार नाही. हा घे खडू, घरी फरशीवर काढ."

तिने खडू घेतला, पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. "मी अजून शाळेत नाही," ती म्हणाली.

परतताना मी बडबड करत होते. शेवयांची खीर करू, अठ्ठावीस नंबरच्या दवाखान्यात नवी बाहुली भरती करू. मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू? पूल ओलांडल्यावर तिने माझा हात सोडला आणि विचारलं, "मावशी, काल पुरला होता की नव्हता?"

"काल तू मान वाकडी केली होतीस. म्हणून पुरल्यासारखा वाटला."

"मी मान वाकडी नव्हती केली."

"केली होतीस."

घरापर्यंत ती माझ्या पुढे चालत गेली. पायरीवर जाऊन बसली. मी म्हटलं, बसू दे थोडा वेळ, खीर समोर आली की विसरेल.

हे झोपून उठले होते. पानावर बसले. भाकरी मोडता मोडता विचारलं, "झालं का नाव?"

"नाही. कान पुरला नाही."

यांचा हात थांबला. "काल तर पुरत होता. न्हाणीपाशी. मला हाक मारून दाखवला तिने."

मी भाजी वाढायला वाकले. यांनी दारातून बाहेर पाहिलं. पायरीवर चित्राची पाठ दिसत होती आणि त्यावर तो भलामोठा अंबाडा. हे बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे बघूनच म्हणाले, "पोरगी लोकांची आहे, मालन."

यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला फारसं आठवत नाही. ते एकदा आठवतं.

होय, पुरला होता. रविवारी तिचं डोकं धुतल्यावर, केस ओले चपचपीत असताना, मीच तिला म्हटलं होतं, बघू गं कान पुरतो का. तिने हात टाकला आणि कान धरला. नुसता धरला नाही, कानातली रिंग बोटाने फिरवून दाखवली. नाचली न्हाणीघरात. मीही हसले. मग ती घरी गेल्यावर मी पलंगाखालच्या तीनही ट्रंका उपसल्या आणि लग्नातलं गंगावन शोधून काढलं. अकरा वर्षांत त्याला हात लावला नव्हता. कशासाठी शोधतेय हे मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. पण हातांना ठाऊक होतं.

मी खिरीची वाटी घेऊन बाहेर आले. "चित्रा, ये गं."

पायरी रिकामी होती.

सत्तावीस नंबरमध्ये नव्हती, अठ्ठावीसमध्ये नव्हती. सिस्टरांच्या दाराला कुलूप. मी एकेका रिकाम्या क्वार्टरमध्ये शिरून हाका मारत गेले आणि प्रत्येक घरातून माझीच हाक परत ऐकू आली. मग रस्त्यावर एक आकडा दिसला. दहा पावलांवर दुसरा. पुढे अबोलीची फुलं, गजरा तुटून सांडत गेलेली. पाटाच्या दिशेने.

मी धावत सुटले. पदराचं भान नव्हतं. पुलाच्या कठड्यावर माझं गंगावन लटकत होतं, काळं, लांबच्या लांब, नळीवरून खाली सोडलेलं. पाटाला पाणी होतं. पहाटे यांनीच दरवाजा उचलून सोडलेलं, काठोकाठ, गढूळ, आवाज न करता जाणारं. मी कठडा धरून खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्या क्षणी मी देवाला म्हटलं, घाल तिला शाळेत, बारा वर्षं घाल, मला दिसली नाही तरी चालेल, फक्त घाल.

गंगावन हातात घेऊन मी तशीच पलीकडे पळाले.

जेवणाची सुट्टी होती. पोरं घरोघर गेलेली, मैदानात चिटपाखरू नाही. शाळेच्या ओट्यावर, दाराशी, चित्रा उभी होती. केस मोकळे, विस्कटलेले, घामाने कपाळाला चिकटलेले. उजवा हात डोक्यावरून पलीकडे, आणि डावा कान घट्ट धरलेला.

"चित्रा!" मी तिला जवळ घ्यायला गेले. ती अंग चोरून उभी राहिली, हात तसाच.

"गुरुजी जेवायला गेलेत."

"केव्हापासून उभी आहेस? हात दुखत नाही का? सोड तो."

"सोडला आणि परत नाही पुरला तर?"

हे ती मला विचारत होती. मी तिच्यासमोर खाली बसले, ओट्यावर, आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडले. तिने पाहिलं, पण कान सोडला नाही.

गुरुजी पंच्याला हात पुसत आले आणि थबकले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मांडीवरच्या गंगावनाकडे. तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "सरळ उभी राहा," म्हणाले. मान वाकडी आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मान ताठ होती.

"पुरतोय की," गुरुजी म्हणाले. "मग सकाळी काय झालं होतं? एवढं मोठं ते डोक्यावर कुणी घातलं?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचंच असं ठरवलं होतं, मनापासून ठरवलं होतं. पण माझा आवाज फुटायच्या आत चित्रा बोलली.

"मीच म्हटलं मोठा अंबाडा घाल म्हणून. मावशी नको म्हणत होती. मी हट्ट केला."

बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर, गुरुजींच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघून बोलली. सकाळी मी नकाशाकडे बघत होते तसं.

गुरुजी आत गेले, दौत-टाक काढला, रजिस्टर उघडलं. "पुलावरून कुणाबरोबर आलीस?"

"एकटी."

"बरं," ते म्हणाले आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर खडू उचलून तिच्यासमोर धरला. आता तिने तो घेतला. कान सोडून उजव्या हाताने घेतला. हात इतका आखडला होता की मूठ नीट मिटेना.

संध्याकाळी सिस्टर आल्या, नाव घातल्याचं ऐकून खूश झाल्या. मला म्हणाल्या, "बघा वहिनी, तुमच्या हाताला यश आहे." त्यांना मी आजवर काही सांगितलेलं नाही. चित्रानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती नेहमीसारखी आली. फणी घेऊन माझ्या गुडघ्यांच्या मध्ये पाठ करून बसली. मला वाटलं होतं, येणार नाही. मी केसांना हात लावला तशी म्हणाली, "दोन वेण्या. वर काही नको."

मी दोन वेण्या घातल्या. चापूनचोपून, रिबिनीची फुलंसुद्धा खाली कानाजवळ. पुलापर्यंत सोडायला गेले. तिथे ती म्हणाली, "आता तू जा."

"पलीकडे नेते ना."

"मला येतं."

पाटी पोटाशी धरून ती पूल ओलांडून गेली. कठड्याला एका हाताने धरत, मी शिकवलं होतं तशी. मागे वळून पाहिलं नाही. मी घरी आले. सव्वादहा वाजले होते. पाच वाजायला किती वेळ असतो, ते मला त्या दिवशी कळलं. आणि पाचला ती आली ती सरळ आईच्या दाराशी जाऊन बसली, मांडीवर पाटी घेऊन, सिस्टरांची वाट बघत. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "माझा अभ्यास आहे मावशी."

रागावली नव्हती ती. यायची, जेवायची, हसायची. केसही माझ्याकडूनच घालून घ्यायची. फक्त "मावशी, खरंच का?" हा तिचा दिवसभराचा प्रश्न होता ना, तो त्यानंतर तिने मला कधी विचारला नाही. दोन वर्षांनी सिस्टरांची बदली झाली. जीपमध्ये बसताना चित्राने माझ्या गळ्याला मिठी मारली. मी पुढे कितीतरी दिवस सत्तावीस नंबर झाडून ठेवत होते.

आता यांना जाऊनही सहा वर्षं झाली. मी तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत असते. चित्रा दिवाळीला फोन करते, वर्षा-दोन वर्षांनी येऊन जाते. गेल्या मे महिन्यात आली ती लेकीला घेऊन. मुलीचं नाव ओवी, पाच पूर्ण आणि वर काही महिने.

चहा पिता पिता चित्रा म्हणाली, "मावशी, हिच्या शाळेचं अडलंय. शाळावाले म्हणतात, चालेल. हिचे बाबा म्हणतात, लहान आहे, वर्षभर थांबू. सासूबाई म्हणतात, घाई कशाला. तू बघून सांग. हिला या वर्षी घालू का?"

"मी काय सांगणार?" मी म्हटलं. "मला नको विचारूस."

"तुलाच विचारायला आलेय."

मी ओवीला जवळ बोलावलं. तिच्या डोक्यावर, अगदी टाळूवर, कारंज्यासारखी शेंडी बांधलेली होती, चार रंगांची रबरं आणि फुलाफुलांच्या क्लिपा. ती माझ्यासमोर सरळ उभी राहिली. माझी बोटं आता चटकन चालत नाहीत, वेळ लागला. एकेक क्लिप काढली, एकेक रबर काढलं, आणि केस मोकळे करून तिच्या खांद्यावर सोडले. मग म्हटलं, "आता हात डोक्यावरून ने आणि तो कान धर बघू."

तिने पटकन हात टाकला आणि कान धरला. वर जीभ काढून दाखवली.

"तयार आहे," मी म्हटलं.

चित्रा माझ्याकडे बघत होती. तीस-पस्तीस वर्षांनी तशी बघत होती. मग हळूच म्हणाली, "मोकळे सोडूनच बघायचं असतं, नाही का मावशी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"हो गं," मी म्हटलं.

चारच्या एसटीने त्या दोघी गेल्या. ओवीच्या क्लिपा माझ्याकडेच राहिल्या, खिडकीच्या कट्ट्यावर. फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं, पण तेवढ्यासाठी कोण परत येतंय. आल्याच कधी तर असाव्यात म्हणून मी त्या एका डबीत घालून ठेवल्या आहेत.